शेंडीचा नारळ आणि मांडावरची लगोरी

आधी काय काय आले आणि कितीला पडले ते लिहिते, म्हणजे मागाहून कोणी विचारायला नको. रबरी चेंडू सहा, म्हापशाच्या बाजारातून, तीस रुपयांना एक. कोयंडो-बालचे चार जोड (घाटावर ज्याला विटीदांडू म्हणतात तोच हा खेळ), आमच्या वाड्यावरच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, काजूच्या लाकडाचे करून दिले, चारींचे मिळून दोनशे. सावंतवाडीचे रंगीत भोवरे आठ, चाळीस सांगितले, पस्तीसला एक असे घेतले. पाच खड्यांचा खेळ, ज्याला आम्ही फातरांनी म्हणतो, त्यासाठी नदीतले गुळगुळीत खडे, फुकट. लगोरीच्या खापऱ्या आमच्याच गोठ्याच्या फुटक्या नळ्यांच्या, म्हणजे कौलांच्या, त्याही फुकट. आणि शाळेने ऑनलाइन मागवलेला एक लगोरी संच: प्लास्टिकच्या सात रंगीत चकत्या, मऊ चेंडू, वर जाळीची पिशवी. सातशे नव्व्याण्णव.

त्या शेवटच्या आकड्यावरूनच माझे डोके फिरले होते, हे खरे सांगते.

झाले असे. माझ्या बहिणीची मुलगी सुलक्षा मयेच्या बाजूला एका प्राथमिक शाळेत शिकवते. तिथल्याच वाड्यावर तिला दिली आहे. तिच्या शाळेत तीन दिवस दप्तर न आणता गावठी खेळ शिकवायचे ठरले. शिकवायला कोणी मिळेना. तिने फोन केला, "मावशे, तूच ये. तू ब्लॉगवर खेळांचे एवढे लिहितेस, आता करून दाखव."

आमचे हे पेपर वाचत होते. म्हणाले, "दहावी पास तू, मास्तरीण कधीपासून?"

म्हटले, "लगोरीला पदवी लागत नाही, नेम लागतो." आणि पिशवी भरायला घेतली. देवीसमोर दिवा लावला, परसातला एक नारळ सोलून तासून अगदी स्वच्छ करून बरोबर घेतला. वाटेत कुठे देऊळ लागले तर ठेवता येईल, नाही लागले तर सुलक्षाकडे चटणीला होईल. ओझेही कमी. या नारळाची आठवण ठेवा, तो पुढे येतो.

ज्यांना असा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी: पेडण्याहून म्हापशाची बस सकाळी भरपूर, तिकीट तीस. म्हापशाला बस बदलून अस्नोड्यावरून डिचोली, पंचवीस. सकाळी आठच्या आत निघाला तर बसायला मिळते, नंतर कॉलेजची मुले चढतात आणि तुमच्या भोवऱ्यांच्या पिशवीवर पाय देतात. डिचोलीच्या बाजारात स्टँडजवळ पातळभाजी आणि पाव खाल्ले. चहासकट पन्नास रुपये. पाव गरम होता, भाजीत वाटाणे मोजून घातले होते. दुकानदाराला म्हटले, "एवढे मोजून घालता, तर वहीत पण लिहिता काय?" तो हसला आणि आणखी एक पळी घातली. विचारण्यात लाज बाळगू नका, एवढेच सांगायचे.

खनिजाचे ट्रक धावत तेव्हा या रस्त्याने येताना लुगडे तांबडे व्हायचे. आता रस्ता त्या मानाने स्वच्छ आहे. कडेची झाडे मात्र अजून पानांवर थोडा तांबडा रंग धरून आहेत. डिचोलीहून पुढे लहान बस, दहा रुपये. मयेचे तळे वाटेत लागते. काठावरून बघायला पैसे पडत नाहीत, होडीत बसायला पडतात. मी काठावरून बघितले. पाणी तेच दिसते.

शाळेत पोचले तेव्हा मुख्याध्यापक सर फाटकावर उभे होते. भला माणूस, आधीच सांगते. आवाज मऊ, शर्ट इस्त्रीचा. त्यांनी मला मोठ्या अभिमानाने मैदान दाखवले. मैदानभर सिमेंटचे पेव्हर, म्हणजे ठोकळ्यांची फरशी. तांबडा एक, करडा एक, तांबडा एक. मातीचा कण नाही.

"पावसात चिखल होत होता," सर म्हणाले. "पुंडलिकभाऊंनी पाठपुरावा करून निधी आणला."

पुंडलिकभाऊ म्हणजे गावच्या देवस्थान समितीचे प्रमुख. तेही तिथेच होते, पांढरी टोपी, हातात मोबाइल. म्हणाले, "शहरातल्या शाळेसारखे झाले की नाही?"

"झाले," मी म्हटले. "पण लगोरी खेळणार कुठे?"

"ह्याच्यावर."

खेळून बघितले. प्लास्टिकच्या चकत्या एकीवर एक ठेवल्या की वाऱ्यानेच घसरत. माझ्या खापऱ्या पेव्हरवर आपटून दोन तासांत चारच्या आठ झाल्या. मुलांच्या पायांत बूट, बुटांखाली गुळगुळीत सिमेंट. पहिल्याच पळापळीत पाचवीतला एक मुलगा असा आपटला की गुडघ्याची साल निघाली. त्याची आई शाळेजवळच राहते, ती धावत आली. "खेळ शिकवतात की ढोपरां फोडतात?" म्हणाली. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही.

सरांनी तिथल्या तिथे निर्णय घेतला. "शनिवारी पालक येणार आहेत. आपण सगळे खेळ स्टेजवर दाखवू. गाणे लावू, पोशाख घालू. कोणी पडायला नको."

पहिला दिवस असा संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये तालीम. स्पीकरवर गाणे, आणि गाण्याच्या ठेक्यावर लगोरी. कोणत्या ठेक्याला चेंडू टाकायचा, कोणत्या ठेक्याला चकत्या पडायच्या, कोणी रचायच्या, कोणी जिंकायचे, सगळे आधी ठरलेले. मी एका बाकावर बसून बघत होते. आमचे हे टीव्हीवर कुस्ती बघतात त्याच्यात तरी कोण हरणार ते मला कळत नाही.

कोपऱ्यात एक मुलगी एकटीच काहीतरी करत होती. सातवीतली, दुर्वा तिचे नाव. अंगाने भरलेली, दोन वेण्या, आदल्या दिवशी फातरांनी खेळताना तिने पाचही खडे एका दमात झेलले होते म्हणून माझ्या लक्षात राहिली. ती दोन पावले पळायची, धपकन खाली बसायची, उठायची, परत पळायची, परत बसायची.

"किते करता गो बाय?"

"पडपाची प्रॅक्टिस," ती म्हणाली. "हांव पयली आऊट जाता. सरांनी सांगलां, अशी पड की लोक हासूंक जाय."

"का? तुलाच का?"

तिने माझ्याकडे असे बघितले, जणू मलाच काही कळत नाही. "हांव जाडी न्हय गो," म्हणाली, म्हणजे मी जाडी ना, आणि परत धपकन बसली.

ती रडत नव्हती. रागावलीही नव्हती. मन लावून पडायला शिकत होती. मला तेच बघवेना. बारा वर्षांच्या मुलीला आधी सांगून ठेवायचे की तू हरणार, कशी हरणार आणि लोक कधी हसणार! याला खेळ म्हणायचे असेल तर माझ्या पिशवीतल्या सगळ्या वस्तू मी परत घेऊन जाते.

हेच मी सरांना सांगितले. आवाज चढला माझा, चढू दे.

"बाई, तुम्ही भावनेने बोलता," सर म्हणाले. "तो एक विनोदी भाग आहे."

"विनोद ज्याला करायचा त्याने आपल्यावर करावा. तुम्ही पडा स्टेजवर."

दोघी शिक्षिका तोंडावर पदर घेऊन हसल्या. सर तांबडे झाले. पण माणूस भला, म्हणून म्हणाले, "बरे. मातीची जागा दाखवा मला. शनिवारी सकाळपर्यंत दाखवलीत तर तिथे खेळू. नाही तर स्टेज."

माती कुठे आहे? मयेच्या एवढ्या मोठ्या गावात मी दुपारभर सुलक्षाबरोबर फिरले. शेतात भात कापून ठेवलेले. देवळाच्या पुढ्यात लाद्या. एका पटांगणात गाड्या लावलेल्या. जिथे जिथे मुले खेळायची तिथे तिथे कोणी ना कोणी काहीतरी घातलेले आहे, सिमेंट नाही तर कुंपण.

संध्याकाळी सुलक्षाच्या घरामागे गेलो तर तिथे होती जागा. वाड्याचा मांड.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मांड म्हणजे आमच्याकडची पवित्र मोकळी जागा. पौष महिन्यात बायका इथे धालो खेळतात, ओळीने उभ्या राहून देवीची गाणी म्हणत. एरवी वर्षभर त्या जागेवर कोणी चप्पल घालून जात नाही. माती चोपून चोपून अशी झालेली की हात फिरवावासा वाटतो. कडेला तुळशीवृंदावन, त्यात तुळशीच्या लग्नाचा ऊस आणि आवळ्याची फांदी अजून तशीच होती.

मांडाचा मान सुलक्षाच्या सासूचा, जयवंतीबाईंचा. धालोच्या दिवसांत दिवा लावून गाऱ्हाणे त्याच घालतात. देवाकडे मोठ्याने केलेली मागणी म्हणजे गाऱ्हाणे, त्याशिवाय मांडावर पाय पडत नाही. मी त्यांना सगळे सांगितले, दुर्वाचे पडणेही.

त्या कितीतरी वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "विहीणबाय, मांड वेळेर जागो जाता. पौसा आदीं ताका उठोवचो न्हय, अशें म्हजी मांय म्हणटाली."

म्हणजे पौषाआधी मांड जागा करायचा नाही. देवाशी माझे भांडण नव्हते. मी रोज पोथी वाचणारी बाई, सोमवार करते. मांडावर चपला घालून नाचणाऱ्यांना मीच आधी ओरडले असते. पण माझ्या मनात एक होते ते मी बोलले. "विहीणबाय, उठवायचा नाही म्हणून विचारायचाही नाही काय?"

त्यांनी तांदळाचे सूप खाली ठेवले. "विचारूंक जाता," म्हणाल्या. "पूण गाराणें घालून. आनी म्हज्यो तीन गजाली. पाय उकते. दिवो आदीं. आनी मांड बायलांचो, तर पयलो डाव चलयांचो."

म्हणजे अनवाणी, आधी दिवा, आणि पहिला डाव मुलींचा. तिन्ही मान्य!

एवढ्यात पुंडलिकभाऊ अंगणात. कोणीतरी त्यांना कळवले होते. गावात बातमीला बस लागत नाही.

"मांडार लगोरी?" ते म्हणाले. "जयवंतीवयनी, तुमी पण? मांड म्हळ्यार खेळाचो जागो न्हय. आणि शाळेला एवढे मैदान करून दिले आहे मी."

दुखत होते ते इथे. मला कळले. कोणी मातीवर खेळायला गेले तर त्यांच्या पेव्हरचे काय राहिले?

"धालो खेळतात ना मांडावर?" मी विचारले. "देवीला बायकांचा खेळ चालतो तर तिच्या मुलींचा का चालू नये?"

"तुमी पेडण्याच्यो. आमच्या गावात तुमी सांगू नका."

"बरे, नाही सांगत," म्हटले. "देवीच सांगेल."

"समितीला विचारल्याशिवाय जायना," म्हणाले आणि गेले.

मी पिशवीतून माझा नारळ काढला. म्हटले, विहीणबाय, हा घ्या, सकाळी हाच ठेवू. जयवंतीबाईंनी तो हातात घेतला, फिरवला, आणि असे हसू फुटले त्यांना की सुलक्षा आतून धावत आली. "अगे, ह्या बोडक्या नाल्लाक घेवन हांव देवीमुखार रावूं?"

कपाळाला हात लावला मी. गाऱ्हाण्याचा नारळ शेंडीचा लागतो, हे कोणाला माहीत नाही? चाळीस वर्षे नारळ ठेवते आहे मी! आणि ओझे वाचवायच्या नादात शेंडी उपटून, तासून, पोलिस भरतीच्या पोराच्या डोक्यासारखा करून आणला.

"जावं दी," विहीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. मग एकदम गंभीर झाल्या. उठल्या, पदर सारखा केला. "चल म्हज्या वांगडा."

"दुकानात?"

"दुकानांत कित्याक? पुंडलिकालो माड बरो धरता."

पुंडलिकभाऊंच्या दारात आम्ही पायरीखाली उभ्या राहिलो. ते सोप्यावर जेवणाची वाट बघत बसले होते. विहीणबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि एवढेच म्हणाल्या, "पुंडलिका, मांडार गाराणें घालूंक शेंडयेचो नाल्ल जाय आशिल्लो."

आमच्या बाजूला देवाच्या नावाने दारात नारळ मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. भांडण असो, कोर्टात केस असो, नारळ देतात. पुंडलिकभाऊंचे तोंड उघडले ते तसेच राहिले. त्यांच्या बायकोने मात्र आतून ऐकले होते. ती पाटावरून सरळ उठून नारळ घेऊन आली, चांगला मोठा, शेंडीचा, वर हळदकुंकू लावून.

"देवीचो नाल्ल मागला आनी तूं पळयत बसला?" बघत बसलेल्या नवऱ्याला म्हणाली.

"फाल्यां सकाळीं यो," विहीणबाई त्यांना म्हणाल्या. "ज्याचो नाल्ल, ताचें नांव गाराण्यांत पयलें येता. तूं नासलो तर लोक म्हणटले कितें?"

परत येताना मी त्यांना म्हटले, "विहीणबाय, तुम्ही शाळेत किती शिकलात?"

"खंयची शाळा?" म्हणाल्या. "चार सुना सांबाळल्यात."

शनिवारी सकाळी मांडाच्या कडेला चपलांची रांग लागली. पालक आले, सर इस्त्रीचा शर्ट घालून आले, गुडघा फुटलेल्या मुलाची आईही आली. मुले अनवाणी मातीवर उभी राहिली तर अर्धी पोरे गुदगुल्या झाल्यासारखी नाचायला लागली. शेवटी पुंडलिकभाऊ आले. चपला काढायला त्यांना बराच वेळ लागला.

विहीणबाईंनी दिवा लावला, नारळ ठेवला, हात जोडले. "गे मांडाचे माये, पुंडलिकाच्या दारचो हो नाल्ल तुका दवरला. हीं भुरगीं तुजीं. तुज्या आंगणांत चार घडी खेळतलीं. कोणाक दुखापत जांव दिव नाका. चुकलां माकलां पोटांत घाल, आनी वेळेर आमी परत येतलीं तेन्ना आमकां वळख."

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले. मी कडेला बघत होते. पुंडलिकभाऊंचे ओठही हलले.

मग पहिला डाव मुलींचा. खापऱ्या सात, कालच जुळवून ठेवलेल्या. दुर्वाच्या गटाने चेंडू टाकायचा होता. पहिला चुकला. दुसरा चुकला. तिसरा दुर्वाने टाकला आणि ढीग फुटला तो असा की एक खापरी तुळशीपाशी जाऊन पडली. आरडाओरडा, धूळ, पळापळ. एक पडली, उठली, मातीने भरलेले ढोपर झटकून परत पळाली. मातीवर पडण्याचे हे असे असते.

दुर्वा रचायला बसली. समोरच्या पोरी चेंडू एकमेकींकडे फेकून तिला हेरत होत्या. ती एक खापरी ठेवायची आणि वाकायची, चेंडू डोक्यावरून जायचा. भरलेल्या अंगाची मुलगी एवढी चपळ वाकते हे तिच्या आईलाही माहीत नसावे. "गे माये! गे माये!" म्हणून ती कडेला उभी राहून ओरडत होती. सहा खापऱ्या रचल्या. सातवी हातात. आणि पाठीत फाटकन चेंडू बसला.

आऊट.

सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत वाईट काही नव्हते, पण त्यांना म्हणायचे होते ते दिसत होते: शेवटी हरलीच ना?

दुर्वा हातात खापरी घेऊन उभी होती. कोणी हसले नाही. ती धापा टाकत म्हणाली, "खंय लागलो गो चेंडू? पाठीक? बरो मारला." मग सरांकडे वळली. "सर, काल तुमी सांगलें म्हणून पडटालें. आज तिणें मारलो म्हणून आऊट. आतां फुडलो डाव कोणाचो? हांव मारतलें."

आणि ती सरळ दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. पुढच्या डावात तिने तिघींना आऊट केले. चौथी मात्र सुटली, तर दुर्वा स्वतःवरच एवढी चिडली की मला बरे वाटले. चिडणे हा खेळणाऱ्याचा हक्क आहे.

दुपारपर्यंत मांडावरून कोणी हलेना. सरांनी शेवटी पँट दुमडून कोयंडो हातात घेतला, तिन्ही टोले हुकले, आणि मुले हसली. ते पण हसले. म्हणून म्हणते, भला माणूस.

निघताना पुंडलिकभाऊ बसस्टॉपपर्यंत आले. त्यांची नात चौथीत, ती दुसऱ्या डावात होती, केसांत माती घेऊन आजोबांच्या बोटाला धरून चालत होती. त्यांनी तिच्या केसांतली माती झटकली. मग म्हणाले, "मांड काही रोज मिळणार नाही."

"मिळूही नये," मी म्हटले. "म्हणून तर शाळेचे पेव्हर काढा. सगळे नको. फाटकाकडचा कोपरा तेवढा."

"काढायला खर्च येतो, बाई."

"घालायला आला नव्हता?"

बस आली. मी पिशवीतून एक पोस्टकार्ड काढले, पन्नास पैशांचे, वर माझा पत्ता आधीच लिहिलेला. नेहमी चार बरोबर ठेवते. त्यांच्या हातात दिले. म्हणाले, "मोबाइलवर कळवतो की." म्हटले, मोबाइलवरचे पुसता येते.

घरी पोचले तेव्हा तुळशीपाशी दिवा लागला होता. ह्यांनी विचारले, किती खर्च झाला. सगळे मिळून आठशे चाळीस झाला, प्रवास धरून. प्लास्टिकच्या संचाहून थोडा जास्त. तो संच शाळेच्या कपाटात आहे, नव्यासारखा. माझ्या खापऱ्या मांडाच्या कडेला तुळशीच्या मुळाशी रचून ठेवल्या आहेत, विहीणबाईंनी सांगितले म्हणून. बोडका नारळ चटणीत गेला. चटणी चांगली झाली होती.

काहींनी मला फोन करून सांगितले, दुसऱ्यांच्या गावात जाऊन एवढे बोलायला नको होते. सांगू दे. आपल्या गावातल्या मुलींना कोणी पडायला शिकवत असेल तर तुम्हीही जा आणि बोला. देवाला विचारून बोला, पण बोला. नारळ मात्र शेंडीचा न्या.

आणि पुंडलिकभाऊ, सुलक्षा सांगते की तुम्ही हा ब्लॉग वाचता. बरे करता. ते कार्ड तुमच्या टोपीच्या खुंटीवर लावलेले आहे असेही ती म्हणाली. लांब लिहायची गरज नाही, दोन ओळी पुरे. फाटकाकडच्या कोपऱ्यातला पहिला पेव्हर कधी निघतो, ते उलट टपाली कळवा. दुर्वा विचारते आहे.